आर्ट कार्नीची ड्रमवरची नाताळ रेकॉर्ड: गायब कशी झाली आणि परत कशी आली

१९५४ सालची कोलंबिया कंपनीची एक सिंगल. एका बाजूला 'सँटा अँड द डूडल-ली-बूप' नावाचं पोरांसाठीचं गमतीचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला 'ट्वॉज द नाइट बिफोर ख्रिसमस', म्हणजे अमेरिकेतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते ती कविता. लेबलवर नाव आर्ट कार्नी, तेव्हाच्या टीव्हीवरचा विनोदी नट. टीव्हीवर चाललेल्या माणसाला स्टुडिओत नेऊन नाताळची रेकॉर्ड काढणं हा तेव्हाचा नेहमीचाच धंदा, त्यामुळे इथपर्यंत काहीच विशेष नाही. पण ती कवितेची बाजू लावून बघा. ऑर्केस्ट्रा नाही, घंटा नाहीत, कोरस नाही, साधा पियानोसुद्धा नाही. एक जॅझ ड्रमर आणि कार्नीचा आवाज, बस. तो कविता गात नाही, नुसती वाचतही नाही, ड्रमच्या ठेक्याशी पकडापकडी खेळत म्हणतो. आज ऐकणारा पहिल्यांदा हमखास विचारतो की हे खरंच १९५४ चं आहे का, का कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून नंतर जोडलंय.

खरंच १९५४ चं आहे. मग दोन प्रश्न उरतात. इतकी भन्नाट गोष्ट दरवर्षीच्या नाताळच्या गाण्यांत का टिकली नाही, आणि मग पुढच्या पिढ्यांच्या हाती परत कशी लागली. माझं म्हणणं असं आहे की दोन्हीचं कारण एकच आहे, ते शेवटी येईलच, आधी माणूस बघू.

आर्ट कार्नी १९१८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्ननचा. सुरुवात नकलाकार म्हणून. होरेस हाइट नावाच्या बँडलीडरच्या ताफ्यात तो तरुणपणी फिरला, नकला करायचा, गमतीची गाणी म्हणायचा. नंतर रेडिओ, तिथे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा आवाज काढण्यात त्याचा हात धरणारे कमी. हे बँडवालं पूर्वायुष्य लोक विसरतात आणि मग रेकॉर्ड ऐकून म्हणतात की नटाला ताल कुठून कळला, अहो बँडच्या बसमध्येच वाढलाय तो. वर पियानोही वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत तोफगोळ्याचा तुकडा पायात घुसला आणि तो जन्मभर जरासा लंगडत चालला. १९५० मध्ये ड्यूमाँट नेटवर्कवर जॅकी ग्लीसन या विनोदी नटाच्या शोमध्ये आला, १९५२ पासून तोच शो सीबीएसवर. तिथे 'हनीमूनर्स' नावाच्या स्किटमध्ये कार्नी एड नॉर्टन झाला: ग्लीसनने रंगवलेल्या बस ड्रायव्हरचा वरच्या मजल्यावरचा शेजारी, नोकरी गटारखात्यात, अंगात बनियनवर बिनबाह्यांचं जाकीट आणि डोक्यावर चेपलेली हॅट. आपल्याकडे ही मालिका फार कोणी पाहिलेली नाही, पण कार्टूनमधला योगी बेअर ज्यांना आठवतो त्यांनी नॉर्टनची छोटी आवृत्ती पाहिलेलीच आहे, त्या अस्वलाची बोलायची आणि वावरायची ढब तिथूनच उचललेली.

नॉर्टनचा एक ठरलेला विनोद असा की साधं काम सुरू करायच्या आधी तो हात झटकणार, मनगटं फिरवणार, बोटं नाचवणार, आणि समोरचा ग्लीसन चिडून लाल होणार. एका भागात तो पियानोवर कुठलंही गाणं वाजवायच्या आधी 'स्वानी रिव्हर'ची सुरावट वाजवल्याशिवाय पुढेच जात नाही. म्हणजे या नटाची सगळी कमाई कशावर, तर उशीर करण्यावर. ठोका येऊन जातो आणि हा नंतर येतो. नाताळच्या रेकॉर्डवर त्याने नेमकं तेच केलंय, फक्त हॅट दिसत नाही.

आता कंपनी. कोलंबियात तेव्हा मिच मिलरचा जमाना होता. कोणत्या गायकाने कोणतं गाणं म्हणायचं हे ठरवणारा तो माणूस, १९५० पासून पॉप विभाग त्याच्याकडे, आणि त्याला चमत्कारिक आवाजांचं भारी वेड. रोझमेरी क्लूनीच्या मागे हार्प्सिकॉर्ड लावणं, १९५१ मध्ये फ्रँक सिनात्राला डॅगमार या टीव्हीवरच्या बाईबरोबर 'मामा विल बार्क' म्हणायला लावणं, ज्यात कुत्र्याचं भुंकणं आहे, असले उद्योग त्याचे. (सिनात्राने हे आयुष्यभर मनात ठेवलं असं म्हणतात, आणि ते गाणं ऐकल्यावर त्याची बाजू पटते.) शिवाय नाताळच्या सिंगल्सचं कोलंबियाला चांगलंच जमलं होतं. १९४९ ला जीन ऑट्रीचं 'रुडॉल्फ', १९५० ला त्याचंच 'फ्रॉस्टी', १९५२ ला जिमी बॉइड या पोराचं 'आय सॉ मॉमी किसिंग सँटा क्लॉज', १९५३ ला गेयला पीव्ही या दहा वर्षांच्या मुलीचं पाणघोडा मागणारं गाणं. डिसेंबर जवळ आला की लहान मुलांना आवडेल आणि मोठे विकत घेतील असं काहीतरी हवंच. कार्नी तेव्हा दर शनिवारी घराघरात दिसत होता, कोलंबियासाठी मुलांच्या गमतीच्या रेकॉर्ड्स करत होता, आणि नॉर्टनच्या आवाजात 'साँग ऑफ द सूअर' म्हणजे गटाराचं गाणंही त्याने याच कंपनीसाठी केलं. तर नाताळला कार्नी, हे गणित सरळ होतं.

सरळ नव्हतं ते गाण्याऐवजी कविता आणि बँडऐवजी एकटा ड्रम.

कवितेवर जरा रेंगाळतो कारण सगळी गंमत तिथे आहे. ही कविता २३ डिसेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या 'ट्रॉय सेंटिनेल' या वर्तमानपत्रात निनावी छापून आली. पुढे क्लेमंट क्लार्क मूर या प्राध्यापकाने १८४४ च्या आपल्या कवितासंग्रहात ती घेतली, हेन्री लिव्हिंग्स्टनची आहे असं म्हणणारेही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आठ रेनडिअर, त्यांची नावं, धुराड्यातून उतरणारा गुबगुबीत म्हातारा, हे सगळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं ते या ५६ ओळींनी. ओळीची चाल अशी: दोन हलकी अक्षरं, एक जड, असं चार वेळा. ट्वॉज-द-नाइट, बि-फोर-ख्रिस, मस-व्हेन-ऑल, थ्रू-द-हाउस. आता ज्यांनी शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलंय त्यांनी डोळे मोठे करायला हरकत नाही, कारण लघु-लघु-गुरू म्हणजे आपला स गण, आणि चार स गण म्हणजे तोटक वृत्त. 'विदिताखिलशास्त्रसुधाजलधे' म्हणून बघा आणि लगेच ती इंग्रजी ओळ म्हणा, अक्षरंही बाराच्या बारा. इंग्रजीत आघात मोजतात आणि आपल्याकडे मात्रा, त्यामुळे दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण कानाला दोघी बहिणी वाटतात एवढं नक्की.

या चालीचा एक तोटा आहे आणि तोटकाचाही तोच आहे. ती आपोआप पळते. चार-सहा ओळी म्हटल्या की म्हणणारा झोक्यावर बसतो आणि अर्थ मागे राहतो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं कविता म्हणतात तसं सगळं एका सुरात वरखाली व्हायला लागतं. नाताळला ही कविता वाचणारे बहुतेक नट यावर उपाय म्हणून आवाज घोगरा करतात, आजोबा होतात, पॉज घेतात, मागे व्हायोलिन लावतात. कार्नीने उलटं केलं. पळणारी चाल लपवायच्या ऐवजी तिला ड्रम दिला. एकदा ठेका बाहेरून पक्का मिळाला की शब्दांनी ठेका सांभाळायची गरज उरत नाही, मग ते मागेपुढे व्हायला मोकळे. जिथे आघात पडायला हवा तिथे तो थांबतो, अर्ध्या ठोक्याने नंतर येतो, मग पुढचे चार शब्द घाईने भरतो आणि ओळीच्या शेवटी बरोबर समेवर पोचतो. कविता तीच, यमकं तीच, १३० वर्षं जुनी, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळीला वाटतं की हा आता चुकणार. चुकत नाही.

वेळेचं बंधनही होतं. दहा इंची ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या मारणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण ३ मिनिटं मावतात. ५६ ओळी त्यात बसवायच्या तर ओळीला जेमतेम ३ सेकंद येतात, त्यात सुरुवात-शेवट आलाच. आजोबा स्टाइलने वाचत बसलं तर सँटा धुराड्यात अडकलेला असताना रेकॉर्ड संपायची. म्हणजे लवकर म्हणणं भागच होतं, आणि लवकर म्हणूनही घाई वाटू द्यायची नाही यासाठी ड्रम हे मला तरी फार हुशार उत्तर वाटतं.

मग अशी गोष्ट मागे का पडली? विक्री त्या वेळी ठीक झाली असं तिच्याबद्दल लिहिलेलं सापडतं, म्हणजे आपटली म्हणून विसरली असं नाही. मला वाटतं खरी भानगड मालकीची आहे. गाणं वर्षानुवर्षं टिकतं ते एका रेकॉर्डमुळे नाही, ते दुसरे गायक गातात म्हणून, शाळेच्या बँडसाठी नोटेशन विकलं जातं म्हणून, सिनेमा आणि जाहिरातीत घेतलं जातं म्हणून, आणि हे सगळं घडवून आणायला मागे एक प्रकाशक बसलेला असतो ज्याला प्रत्येक वेळी पैसे मिळतात. 'रुडॉल्फ' लिहिणाऱ्या जॉनी मार्क्सने १९४९ मध्ये सेंट निकोलस म्युझिक नावाची स्वतःची कंपनीच काढली होती. त्याने ते गाणं शेकडो लोकांकडून गाऊन घेतलं असेल तर नवल नाही, त्याचं घर त्यावर चालत होतं.

कार्नीच्या रेकॉर्डवर असं काय होतं? शब्द १८२३ चे, त्यावर कोणाचा हक्क नाही. चाल नाहीच. सुरावट नाही म्हणजे नोटेशन काय विकणार. दुसऱ्या गायकाने गायचं म्हटलं तर गायला काही नाही, कार्नीसारखं म्हणायचं म्हटलं तर तो कार्नीची नक्कल करणार, आणि नकलाकाराची नक्कल कोण विकत घेतो. पुजारी नसलेल्या देवळासारखं झालं ते, देव जागेवर आहे पण रोज दिवा लावणाऱ्याला काही मिळत नाही. कोलंबियाला रस असणार तो त्या डिसेंबरपुरता, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे नवीन माल होता.

त्यात कार्नी स्वतः पुढे निघून गेला. १९५५-५६ मध्ये 'हनीमूनर्स'चे ते प्रसिद्ध ३९ भाग झाले, १९६५ मध्ये ब्रॉडवेवर 'द ऑड कपल'मध्ये वॉल्टर मॅथाऊसमोर तो फीलिक्स होता, आणि १९७४ च्या 'हॅरी अँड टोंटो'साठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. त्या वर्षी त्याच्यासमोर कोण होते ते बघा: 'गॉडफादर २'चा पचिनो, 'चायनाटाउन'चा निकल्सन, 'लेनी'चा डस्टिन हॉफमन आणि अल्बर्ट फिनी. अशा माणसाच्या कामांच्या यादीत ३ मिनिटांची नाताळची सिंगल शेवटच्या ओळीत जाते, ते साहजिकच आहे.

गंमत म्हणजे नाताळने मात्र त्याला कधी सोडलं नाही. २३ डिसेंबर १९६० ला 'ट्वायलाइट झोन'च्या 'नाइट ऑफ द मीक' या भागात तो डिपार्टमेंट स्टोअरमधला दारुडा सँटा झाला, पैसे वाचवायला फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर केलेल्या सहा भागांपैकी हा एक, आणि दारूशी त्याचं स्वतःचं भांडण होतं हे माहीत असलं की तो भाग बघणं सोपं राहत नाही. १९७० मध्ये जिम हेन्सनच्या पपेट्सबरोबर 'द ग्रेट सँटा क्लॉज स्विच'मध्ये सँटाही तोच आणि सँटाला पळवणारा बदमाशही तोच. १९७८ च्या त्या बदनाम 'स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल'मध्येही तो आहे, १९८४ मध्ये 'द नाइट दे सेव्ह्ड ख्रिसमस'मध्ये पुन्हा सँटा. त्यामुळे जुन्या टीव्हीचे शौकीन त्याच्या नावाने शोधायला लागले की कधीतरी या रेकॉर्डवर येऊन धडकतात. परत येण्याचा एक रस्ता हा.

दुसरा रस्ता वस्तूचा. अमेरिकेत जुन्या घरांतल्या रेकॉर्ड्स धर्मादाय दुकानांत येतात, नाताळच्या रेकॉर्ड्सचे गठ्ठे कवडीमोलाने मिळतात आणि विचित्र नाताळ गोळा करणारी एक जमातच आहे, जी असल्या गोष्टी घरी आणून टेपवर, मग सीडीवर, मग इंटरनेटवर चढवते. कोणाची परवानगी, कोणाचं काय, हा प्रश्न आधी कोणी फार मनाला लावून घेतला नाही. कायदा बघितला तर देशागणिक वेगळा निघतो. युरोपात ध्वनिमुद्रणाला तेव्हा ५० वर्षांचं संरक्षण होतं, नंतर ते ७० झालं, पण जे आधीच संपलं होतं ते परत जिवंत केलं नाही, म्हणजे १९५४ च्या रेकॉर्ड्स तिथे २००४ संपताना मोकळ्या झाल्या. स्वस्तातल्या 'जुना नाताळ' छाप संकलनांचा पूर युरोपातून का येतो त्याचं हे कारण. आपल्याकडे ६० वर्षं, म्हणजे २०१४ अखेर. खुद्द अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९४७ ते १९५६ मधल्या रेकॉर्ड्सना ११० वर्षं, म्हणजे ही रेकॉर्ड तिच्या जन्मगावी २०६४ संपेपर्यंत बंदिस्त. आता कोलंबिया सोनीची आहे, आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाने जुन्या ७८ फुकट ऐकायला ठेवल्या म्हणून २०२३ मध्ये सोनीसकट मोठ्या कंपन्यांनी त्यांच्यावर दावा ठोकला होता, त्यामुळे हा विषय नुसता पुस्तकी नाही.

तर जे मी वर म्हणत होतो ते हे. कोणाला रोज दिवा लावायचा नव्हता म्हणून रेकॉर्ड विसरली गेली, आणि कोणाला राखण करायची नव्हती म्हणूनच ती हातोहात पसरली. गाण्याचा प्रकाशक जागा असता तर शब्द आणि चालीचा हिशोब मागत फिरला असता.

परत आल्यावर तिला दोन चिठ्ठ्या चिकटल्या आणि दोन्ही मला खटकतात. पहिली, 'बीटनिक नाताळ'. बीटनिक म्हणजे पन्नाशीच्या दशकातले चाकोरी झुगारणारे, जॅझवेडे तरुण. बीटनिक हा शब्दच सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन या स्तंभलेखकाने एप्रिल १९५८ मध्ये काढला, रेकॉर्डनंतर चार वर्षांनी. १९५३-५४ मध्ये हवा होती ती वेगळी. १९५३ मध्ये ब्रन्सविकने जॅझच्या बोलीत सांगितलेल्या परीकथांची रेकॉर्ड काढली होती, लिहिल्या स्टीव्ह ॲलन या टीव्हीवाल्यानेच आणि सांगितल्या अल 'जॅझबो' कॉलिन्सने. कार्नीची रेकॉर्ड या लाटेतली, फक्त त्याने भाषा बदलली नाही, ताल बदलला.

दुसरी चिठ्ठी 'जगातलं पहिलं रॅप'. ही जास्त चालते, कारण ती लावली की लोक क्लिक करतात. पण ठेक्यावर बोलणं हे अमेरिकेत तेव्हाही जुनंच होतं, १९२६ मध्ये याच कोलंबियासाठी ख्रिस बुशिलनने 'टॉकिंग ब्लूज' केलं होतं, आणि काळ्या अमेरिकेत तर प्रवचन, गॉस्पेल गटांचं तालात बोलणं, रेडिओवरच्या डीजेंची बडबड, अशी अखंड परंपरा होती ज्यातून १९७० च्या दशकात ब्राँक्समध्ये हिप-हॉप उभं राहिलं. कार्नीचा त्या वाटेशी संबंध नाही. त्याला पहिला रॅपर म्हणणं म्हणजे त्या लोकांचं श्रेय एका गोऱ्या विनोदी नटाला देणं, आणि वर त्याने जे खरंच केलं, म्हणजे एका वृत्ताचा स्वभाव ओळखून त्याला बरोबर वाद्य लावलं, तेही झाकून टाकणं.

आता ज्यांना प्रत्यक्ष तबकडी हाती लागेल त्यांच्यासाठी थोडं. ती ७८ वर निघाली आणि ४५ वरही, कोलंबिया तेव्हा ४५ च्या नंबराआधी '४-' लावायची, बाकी नंबर तोच. लेबलभोवतीच्या रिकाम्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मुद्रणाचा क्रमांक, 'सीओ'ने सुरू झाला तर मुद्रण न्यूयॉर्कचं, 'आरएचसीओ'ने झाला तर हॉलिवूडचं, ४५ वर बहुधा 'झेडएसपी' दिसेल. आणि आपल्याकडच्यांनी एक घोटाळा टाळा: आजोबांच्या पेटीतल्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ज्या कोलंबिया तबकड्या असतात ती कोलंबिया वेगळी. ती इंग्लंडच्या ईएमआयची, कारण १९३१ मध्ये ईएमआय झाली तेव्हा अमेरिकन कोलंबिया वेगळी काढली गेली आणि १९३८ मध्ये ती सीबीएसने घेतली. नाव एक, घराणी दोन, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात नुसतं 'कोलंबिया' बघून कार्नी मिळेल म्हणून उड्या मारू नका.

७८ वाजवायची तर एलपीची सुई लावू नका. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची एक मिलच्या आतबाहेरची सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि सत्तर वर्षांचा कचरा तेवढा वाजवते. रेकॉर्ड मोनो आहे, तेव्हा स्टीरिओ कार्ट्रिज असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून घ्या, अर्धी खरखर तिथेच जाते. खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला मात्र जपून हात लावा. ड्रमचा फटका आणि ओरखड्याचा टिक हे यंत्राला सारखेच दिसतात, आणि या रेकॉर्डवर ड्रमशिवाय दुसरं वाद्यच नाही, म्हणून इंटरनेटवरच्या अति स्वच्छ केलेल्या कॉपीत ठेका बोथट होतो आणि कार्नी नुसताच अडखळतोय असं वाटतं. थोडी खरखर असलेली कॉपी शोधा, ती ऐका.